क्वोनसाहेबांचा हापसा

११ मार्च, रविवार

आज चर्चला नेहमीपेक्षा पाच माणसं जास्त. माझ्या नवऱ्याला, सारेतला वाटतं, प्रवचन रंगलं. प्रवचन काही रंगलं नव्हतं. वाळू धुऊन वाळत घातलीय आणि या आठवड्यात नव्या टाक्या बसणार, हे मीच बाजारात सांगत सुटले होते.

नवरा पाद्री झाला की बायको आपोआप पाद्रीण होते, तिला कुणी विचारत नाही. बाकं पुसायची, पाहुण्यांना रांधून घालायचं. आणि गेली तीन वर्षं, मिशनने घरोघर पाणी गाळायच्या टाक्या द्यायचं काढल्यापासून, वाळू धुवायची. कमरेएवढी सिमेंटची पेटी, तळाला खडी, वर वाळू, बाजूने एक नळी. वरून गढूळ ओता, नळीतून स्वच्छ घ्या. सारेत त्याला जिवंत पाणी म्हणतो. ते जिवंत आहेच — वाळूवर जो बुळबुळीत थर धरतो, त्यातले जंतू पाण्यातल्या जंतूंना खातात. हे मी लोकांना समजावते तेव्हा सारेत घसा खाकरतो.

नेम आजी कुंपणाशी उभी होती. डोकं तुळतुळीत, अंगात पांढरा सदरा, विहारातून परतत होती. म्हणाली, “पाद्रीणबाई, लोकांची पोटं बिघडल्याशिवाय तुझ्या देवाला गिऱ्हाईक मिळत नाही का गं?”

मी म्हटलं, “नाही मिळत, आजी. तुमचं कसं आहे?”

“मला महिनाभर जुलाब आहेत.”

“मग तुमचा नंबर पहिला.”

१४ मार्च, बुधवार

नेम आजीकडे टाकी बसवली. खांबांवर उभ्या घराखाली, टांगलेल्या झोळीच्या शेजारी. दोन तास ती झोळीत पडून माझ्या चुका काढत होती.

“याच्यासाठी तुमचं गाणं म्हणावं लागेल?”

“नाही.”

“पाण्यात बुडवाल?”

“नाही हो आजी.”

“मग ठीक. मी बुद्धाची. पोट तेवढं माझं स्वतःचं आहे.”

पाणी कुठून आणणार, विचारलं. नदी आता काठापासून फार खाली गेलीय, चढताना तिचे गुडघे बोलतात. म्हटलं, आमच्या चर्चच्या हापशावरून आणा, दहा पावलांवर आहे. तिने नाक मुरडलं. “तुमचा हापसा गंज ओकतो. त्या पाण्याचा चहा काळा होतो.” म्हटलं, टाकीतून काढा आणि मग बघा. कुठलंही ओता, खाली स्वच्छच येतं.

हे वाक्य मी तीन वर्षांत प्रत्येक घरी म्हटलंय. तोंडात बसलंय.

१९ मार्च, सोमवार

क्वोनबाई ईस्टरला येणार. निरोप आल्यापासून सारेतचे पाय जमिनीवर नाहीत. हापशाजवळचा दगड त्याने ब्रशने घासला. त्या दगडावर कोरियन अक्षरांत क्वोनसाहेबांचं नाव आहे. ते वारल्यावर बाईंनी त्यांच्या आठवणीसाठी हा हापसा बसवून दिला, त्याला सहा वर्षं झाली.

सारेत तिकडे कोरियात मासळीच्या कारखान्यात होता, लग्नाआधी. यंत्रात हात सापडला. कारखान्यातलं कुणी फिरकलं नाही. हे दोघं नवरा-बायको, ओळख ना पाळख, रोज दवाखान्यात येऊन त्याला पेज भरवायचे. तिथे तो ख्रिस्ती झाला. मी त्याला चिडवते, तुला देव नाही भेटला, तुला पेज भेटली. तो म्हणतो, फरक काय?



२७ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातून रोथा नावाची बाई मोटारसायकलवरून आली. नवी नेमणूक आहे म्हणाली, गावोगावचे हापसे तपासत फिरतेय. मी कौतुकाने तिला आमचा दाखवला. तिने बाटलीत पाणी घेतलं, कसलीशी पूड टाकली, झाकणात पांढऱ्या कागदाची पट्टी अडकवली. अर्धा तास थांबायचं होतं. मी तिला कच्चा आंबा कापून दिला, तिखट-मीठ लावून. गप्पा मारल्या. तिला दुसरं मूल होत नाही म्हणून सासू बोलते, वगैरे.

मग तिने झाकण उघडलं. पट्टी तपकिरी. तिच्याजवळच्या रंगांच्या तक्त्यावर शेवटचा चौकोन असतो, त्याच्याही पुढची.

“ताई, हे पाणी कुणी पितं?”

“हो. टाकीतून गाळून. माझ्या टाक्या आहेत.”

“टाकीतलं द्या.”

पुन्हा अर्धा तास. आंबा कुणीच खाल्ला नाही. पट्टी थोडी फिकी, पण तपकिरीच.

“आर्सेनिक आहे यात,” ती म्हणाली. “सोमल. जमिनीतूनच येतो इकडे. दिसत नाही, वास नाही, चव नाही. तुमची वाळू जंतू मारते, गंज काढते. हा नाही पुरता निघत.”

मी म्हटलं, “पण पाणी किती स्वच्छ दिसतं.”

“तेच ना. गंज होता तोवर लोक पीत नव्हते. तुम्ही गंज काढून दिलात.”

ती वाईट हेतूने बोलली नाही. सांगत होती फक्त. नदीचं, तळ्याचं, पावसाचं पाणी टाकीत घालायचं, ते उत्तम. हापशाचं कधीच नाही. हापशाला लाल रंग द्यायचा, धोक्याची खूण म्हणून. तिच्याकडचा डबा संपला होता, पुढच्या महिन्यात आणते म्हणाली.

मी गंज काढून दिला. तीन वर्षं वाळू धुऊन मी हे केलं.

२८ मार्च, बुधवार

सारेतला सांगितलं. खाली बसला. पायाच्या अंगठ्याने माती उकरली. मग म्हणाला, “ईस्टरपर्यंत थांब. बाई एकदा सुखाने जाऊ देत. मग मी स्वतः सगळ्यांना सांगतो.”

“आणि तोवर लोकांनी काय प्यायचं? तुझं प्रवचन?”

“दहा-बारा दिवसांनी काय होतंय, चांथू?”

“तीन वर्षांनी काय झालंय ते तरी तुला ठाऊक आहे का?”

“त्यांच्या नवऱ्याचं नाव आहे त्याच्यावर. त्यांनी मला हाताने भरवलंय. त्यांना मी काय सांगू, तुमच्या साहेबांच्या नावाने आम्ही गावाला विष पाजलं?”

“हो. तेच सांग. चांगलं वाक्य आहे, छोटं आहे.”

जेवला नाही. मी जेवले. प्रहोक, आंबवलेल्या मासळीचं कालवण, फार चांगलं झालं होतं आणि रागात मला भूक लागते.

२९ मार्च, गुरुवार

सारेत तालुक्याला गेला तेव्हा पाना घेऊन हापसा उघडला आणि आतलं चामड्याचं वॉशर काढून घेतलं. तांदळाच्या रांजणात पुरून ठेवलंय. आता दांडा मारा, नुसता खोकतो.

पाण्याला आलेल्यांना सांगितलं, बिघडलाय, नदीचं आणा. शिव्या बसल्या. घरात साठवलेलंही ओतून द्या म्हटलं, जुनं झालं की त्यात अळ्या होतात. खोटं बोलले. खरं सांगायचं धैर्य नाही आणि गप्प बसायचंही नाही, म्हणून चोरी केली. वय वर्षं सेहेचाळीस, धंदा पाद्रीणबाईचा.

१ एप्रिल, रविवार

सारेतने आज सगळ्यांसमोर देवाकडे हापसा दुरुस्त व्हावा म्हणून मागणं केलं. वॉशर कुठे आहे हे देवाला ठाऊक आहे. तो बोलला नाही, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

३ एप्रिल, मंगळवार

कुंथीकडे गेले. चर्चला लागूनच घर, सगळ्यात पहिली टाकी हिचीच. माशांचं जाळं विणत बसली होती. म्हटलं, हात बघू. तिला वाटलं भविष्य बघते. हसली.

तळव्यांवर बारीक कठीण गाठी, मोहरी पेरल्यासारख्या. म्हणाली, जाळ्याच्या दोरीने झाल्यात, वर्ष झालं असेल. मग सदऱ्याची वरची बटणं काढून मला दाखवलं. छातीवर, खांद्यांवर काळे-पांढरे ठिपके. “हे पण दोरीने का गं?” ती आपण होऊन म्हणाली. म्हणजे तिला शंका होती. कुणाला विचारणार?

मी सांगितलं. सगळं, पट्टीसकट.

तिने जाळं बाजूला ठेवलं. “ताई, मी आधी नदीचंच पाणी पीत होते,” म्हणाली. “तू म्हणालीस, कुठलंही ओत.”

“हो.”

“तूच म्हणालीस.”

“हो, कुंथी. मीच.”

परत येताना पायरीवर बसले. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

५ एप्रिल, गुरुवार

क्वोनबाई आल्या. सत्तरीच्या, चिमणीएवढ्या, पायात भलेमोठे चालायचे बूट. आल्या आल्या दगडावर हात ठेवून उभ्या राहिल्या, मग मोरीत शिरून माझी भांडी घासायला लागल्या. मी हातातून पातेलं ओढते, त्या सोडत नाहीत. आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही, त्यामुळे भांडण लवकर मिटलं. त्यांनी घासली, मी विसळली.

सारेतने तालुक्याहून नवं वॉशर आणलंय. हापसा चालू. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने पाहिलं नाही.

८ एप्रिल, ईस्टर



चर्च भरलेलं. क्वोनबाईंनी शुक्रवारपासून अंडी उकडून रंगवली होती, त्यासाठी विहाराकडची मंडळीही कुंपणाशी आली. नेम आजी सगळ्यात पुढे. प्रार्थना झाली आणि सारेत सगळ्यांना हापशाकडे घेऊन गेला. दरवर्षी असंच असतं: बाईंनी दगडाला फूल वाहायचं, मग त्यांच्या साहेबांच्या हापशाचं पाणी प्यायचं.

मला त्याने सकाळी सांगून ठेवलं होतं, एका घोटाने कुणी मरत नाही. खरं आहे. रोथानेही तेच सांगितलं असतं.

त्याने हापसलं, शेजारच्या टाकीत ओतलं, नळीखाली ग्लास धरला. पाणी असं लखलखीत, की मला माझ्याच कामाचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी किळस आली. बाईंनी ग्लास दोन्ही हातांनी घेतला. डोळे मिटले. ओठ हलत होते, साहेबांशी काहीतरी बोलत असणार.

मी ग्लास काढून घेतला. ओढताना पाणी त्यांच्या बुटांवर सांडलं.

 सारेत माझं नाव अर्धंच उच्चारून थांबला.

“सांग त्यांना,” मी म्हटलं.

तो बाईंकडे बघून काहीतरी बोलला. दोन-चार शब्द. बाई हसल्या आणि माझ्या गालावर हात ठेवला. ग्लास धुतलेला नव्हता, असलं काहीतरी त्याने सांगितलं असणार.

तेव्हा कुंथी पुढे आली. मी बोलावलं नव्हतं. तिने दोन्ही तळवे उघडून बाईंच्या पुढे धरले. बाईंनी तिचा हात घेतला, अंगठ्याने त्या गाठींवरून फिरवलं, एकदा, दोनदा. मग सारेतकडे वळून बघितलं.

कुंथीने नेम आजीला सांगितलेलं दिसतं. कारण आजी कुंपणाला रेलून म्हणाली, “आता बोल, पाद्री. नाहीतर मी बोलते, आणि मला कोरियन येत नाही.”

तो बोलला. या वेळी बराच वेळ.  बाईंनी एकच प्रश्न विचारला. त्याने एकच उत्तर दिलं.

मला नंतर कळलं. त्यांनी विचारलं, कधी समजलं? तो म्हणाला, बारा दिवसांपूर्वी.

बाई दगडापाशी जाऊन बसल्या. वाहिलेलं फूल उचललं, पुन्हा ठेवलं. मग हाताने पाना फिरवल्याची खूण केली. मी घरातून आणून दिला. त्यांच्याने बोल्ट हलेना, मग मी जोर लावला, मग कुंथीने. बायकांनी दांडा काढला. पुरुष बघत होते, सारेत धरून.

दगड फोडायचा का, असं मी खुणेने विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. सारेतने मला त्यांचं म्हणणं सांगितलं: “नाव राहू दे. कुठलं पाणी प्यायचं नाही हे लोकांच्या लक्षात राहील.”

एवढी ताठ बाई मी पाहिली नव्हती. रात्री मात्र त्यांनी भरलं ताट तसंच बाजूला सरकवलं.

९ एप्रिल, सोमवार

क्वोनबाई गेल्या. जाताना मला मिठी मारली, सारेतला मारली नाही. त्याचा हात मात्र धरला, अपघात झालेला हात, आणि बराच वेळ सोडला नाही.

बस गेल्यावर त्याला वॉशरचं सांगितलं.

“तांदळात?” तो म्हणाला. “ते तांदूळ आपण खातोय.”

“पाण्यापेक्षा बरे.”

हसला. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा.

१८ एप्रिल, बुधवार

नववर्षाचा सण आटोपला आणि मी दारोदार फिरायचं संपवलं. एकेका घरी तेच वाक्य: मी चुकीचं सांगितलं होतं. हापशाचं पाणी टाकीत घालायचं नाही. एका घरात मला केळीच्या पानातला भात दिला, त्यांना नीट कळलं नाही म्हणून. एका घराने टाकी माझ्यासमोर आडवी पाडली, सगळी वाळू अंगणात. त्यांना नीट कळलं होतं.

चार जणांच्या तळव्यांवर गाठी. रोथा सगळ्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेणार. पिणं थांबलं की ठिपके फिके होऊ शकतात म्हणाली. होतात नाही म्हणाली, होऊ शकतात.

पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न नेम आजीने सोडवला. सरळ भंतेंकडे गेली. विहाराचं तळं उन्हाळ्यात फक्त भिक्षूंसाठी असतं. ते आता सगळ्यांना खुलं, ख्रिस्ती मंडळींनाही. भंते म्हणाले, म्हशी तेवढ्या आणू नका. तळ्याचं पाणी टाकीत घातलं तर चांगलं, रोथाने तपासून सांगितलंय. आजी काठी घेऊन रांग लावते. मला मुद्दाम शेवटी उभं करते आणि विचारते, “काय पाद्रीणबाई, बुद्धाचं पाणी गोड लागतं का?”

गोड लागतं. काय करणार?

२२ एप्रिल, रविवार

चर्चला नऊ माणसं. त्यातलीही दोन सावलीला बसली होती.

तरी आज सारेत चांगला बोलला. मोठे शब्द नाहीत, हातवारे नाहीत. बाहेर पडताना कुंथीचा नवरा त्याला म्हणाला, “पाद्रीबाबा, दुसरा कुणी असता तर दाबून टाकलं असतं. तुम्ही पाहुण्या बाईसमोर कबूल केलंत.” त्याच्या बायकोच्या अंगावर ठिपके आहेत आणि तो आभार मानत होता. सारेत बाकं सरळ करायला आत वळला.

मला सारेतचा अभिमान वाटला. इथे लिहून ठेवते, तोंडाने मी त्याला सांगणार नाही.

२६ एप्रिल, गुरुवार

सारेतने सकाळी माझ्यापुढे एक कागद ठेवला. घडीवर फाटलेला. जिल्ह्याच्या खात्याचा, आमच्या हापशात सोमल असल्याचा, दोन वर्षांपूर्वीचा. मी बहिणीच्या बाळंतपणाला गेले होते तेव्हा माणसं येऊन तपासून गेली होती. लाल रंग द्यायला निघाली, याने हात जोडले, मी देतो म्हणाला. त्या आठवड्यात क्वोनबाई यायच्या होत्या. मग दिलाच नाही. रोज उद्यावर टाकलं.

“मी पण तेच पाणी प्यायलो, चांथू. दोन वर्षं. एक दिवस चुकवला नाही.” जणू त्याने काही फिटतं.

मीही प्यायले. मला विचारून नाही.

रविवारी सगळ्यांना सांगतो म्हणाला. नऊ माणसांना.

मी म्हटलं, “रविवार कशाला? आता सगळं गाव तळ्यावर पाण्याला आलंय. कुंथी पण आहे. चप्पल घाल.”